उघडी बाटली आणि सोलापूरचा उन्हाळा : एका आयरिश व्हिस्कीच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरली, पाहुणे आपापल्या गावी गेले, गच्चीवरची खोली मोकळी झाली. आता सुरुवात करायला हरकत नाही.

माल : रेडब्रेस्ट १२, ७०० मिलीच्या दोन बाटल्या, दोन्हींवर लॉट क्रमांक एकच. भाच्याने डब्लिनहून येताना आणल्या. एक आता फोडायची, दुसरी सीलबंद ठेवून अगदी शेवटी उघडायची.

प्रश्न : उघडलेल्या बाटलीतल्या व्हिस्कीची चव बदलते का, आणि बदलत असेल तर कशाने? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, बूच निघालं की माल उतरायला लागतो, महिन्याच्या आत संपवून टाका. दुसरा म्हणतो, पहिला पेग नेहमी कडकच लागतो, पंधरा दिवस हवा खाऊ दे, मग ती खुलते. दोघंही बोलतात ते आठवणीवर. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगमध्ये रंगाची शेड जुळते का ते बघतो. ‘मागचा लॉट असाच होता’ असं तिथे कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी मास्टर सॅम्पल, म्हणजे जपून ठेवलेला मूळ नमुना, काढून लाइट बॉक्समध्ये शेजारी ठेवल्याशिवाय ट्रॉली पुढे हलत नाही. रंगाला जे लागतं ते वासालाही लागणार. तेव्हा आधी मास्टर सॅम्पल तयार करायचं, मग बोलायचं.

परवाने सगळ्यांकडे आहेत आणि वयं पंचविशीच्या कितीतरी पुढची आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

१९ जानेवारी

बाटली उघडली. वाटणी अशी :

क म्हणजे मास्टर. होमिओपॅथीच्या औषधांसाठी मिळतात त्या ३० मिलीच्या तपकिरी काचेच्या कोऱ्या बाटल्या. गळ्यापर्यंत काठोकाठ भरल्या, झाकणाच्या आट्यांवर नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. रबरी बल्बच्या ड्रॉपरवाल्या बाटल्या दुकानदार स्वस्तात देत होता. घेतल्या नाहीत. अल्कोहोल रबराचा वास ओढून घेतं.

ख म्हणजे मूळ बाटली, निम्म्याहून थोडी कमी उरलेली, त्याच कपाटात, उभी. वाइन आडवी ठेवतात ती कॉर्क ओला राहावा म्हणून. व्हिस्कीत ४० टक्के अल्कोहोल असतं. ते कॉर्कला सतत लागत राहिलं तर कॉर्क झिजून भुगा होतो आणि त्याचा वास खाली उतरतो.

ग१ आणि ग२ गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, म्हणजे उष्णता मिळेल पण उजेड नाही. ग१ काठोकाठ भरलेली, ग२ मध्ये पाव व्हिस्की आणि वर सगळी हवा. उष्णतेचं काम कुठलं आणि हवेचं कुठलं हे वेगळं काढायचं असेल तर ही जोडी पाहिजेच.

घ पांढऱ्या काचेत, काठोकाठ, पश्चिमेच्या खिडकीत.

आमची ही पीत नाही, पण घरातलं सगळ्यात तयार नाक तिचं आहे. शेंगाचटणीसाठी आणलेल्या दाण्यांत एखादा खवट निघाला तर पोतं उघडल्या उघडल्या सांगते. तिने ग्लास नाकाशी धरला. ‘बेदाणे,’ म्हणाली. ‘पंढरपूरकडच्या शेडमध्ये येतो तसा वास. मग भाजलेल्या शेंगांचं लालसर साल. आणि मागून केळं, पार पिकलेलं.’ तिचे शब्द आहेत तसे उतरवून घेतले. यापुढे याच शब्दांत बोलायचं. मध, मखमल, संध्याकाळ असलं काही लिहायचं नाही.

२४ जानेवारी

बेदाणे कुठून आले, केळं कुठून आलं, याची जुळणी.

रेडब्रेस्ट आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीत बनते. प्रकार सिंगल पॉट स्टिल. म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली आणि कच्चं बार्ली अशी दोन्ही मिसळून तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन. नियमानुसार दोन्ही धान्यं किमान ३० टक्के तरी हवीत. कच्च्या बार्लीची प्रथा अठराव्या शतकातल्या माल्टवरच्या, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीवरच्या, करामुळे वाढली. कर चुकवता चुकवता सापडलेली चव पुढे देशाची ओळख झाली. हिचं ऊर्ध्वपातन तीनदा होतं. शेरी (स्पॅनिश वाइन) आणि बर्बन (अमेरिकन व्हिस्की) अशा दोन्ही जातींच्या जुन्या पिंपांत ती बारा वर्षं मुरते. कायद्याने आयरिश म्हणवून घ्यायला तीन वर्षं पुरतात.

बेदाण्याचा वास शेरीच्या पिंपाचा. व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याची छटा ओकच्या लाकडाची. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळासारख्या वासाच्या संयुगाचा, तो किण्वनात तयार होतो. आता महत्त्वाचं : एस्टर हलके असतात, पटकन उडतात. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन जड, त्याचा उत्कलनबिंदू २८५ अंशांच्या आसपास. त्यामुळे काही जाणारच असेल तर आधी केळं जाईल आणि व्हॅनिला शेवटपर्यंत बसून राहील. हा अंदाज आजच लिहून ठेवतो. नंतर लिहिलेल्या अंदाजाला किंमत नाही.

पिंपात मुरणं आणि बाटलीत राहणं या अगदी वेगळ्या गोष्टी. लाकूड श्वास घेतं. आयर्लंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के माल उडून जातो, बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या पिंपांतून त्याच्या कितीतरी पट. काच काही देत नाही, काही घेत नाही. बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत आणखी दहा वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच.

२ फेब्रुवारी

पहिली चाचणी. पद्धत तीन ग्लासांची. दोन ग्लासांत एक नमुना, तिसऱ्यात दुसरा, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसतं ठोकून दिलं तरी तिनांत एकदा बरोबर येतं. म्हणून बारा उत्तरांपैकी निदान आठ बरोबर आल्याशिवाय फरक आहे असं मानायचं नाही. ग्लास भरणं आणि त्यावर आकडे टाकणं हे काम मुलीकडे, कारण कशात काय आहे हे मलाही माहीत असता कामा नये. रंग दिसू नये म्हणून रिजेक्ट टॉवेलच्या तुकड्यांच्या बाह्या शिवून ग्लासांवर चढवल्या. निर्णय नाकाने, घोट नंतर. उत्तर चिठ्ठीवर, तोंडातून अवाक्षर नाही.

नाकं चार, प्रत्येकाची तीन उत्तरं : आमचे निवृत्त डाइंग मास्तर, मेहुणे, बँकेतला मित्र आणि मी. चाचणी संपेपर्यंत शेंगाचटणी, कांदा, लसूण टेबलावर येणार नाही, या नियमावर मेहुण्यांनी लेखी निषेध नोंदवला.

पाणी विकतचं. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, साठवलेलं असतं, क्लोरीनचा वास नाकात बसतो. थोडं पाणी मात्र घालायचंच. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची गणितं मांडून दाखवलं होतं की व्हिस्की पातळ केली की ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू पृष्ठभागाकडे जमतात. नाकाला तेच हवं असतं.

क विरुद्ध ख. निकाल : बारापैकी चार. म्हणजे निव्वळ नशिबाचा आकडा. कपाटातल्या अर्ध्या बाटलीत आणि मास्टरमध्ये आज तरी काही फरक नाही.

१५ फेब्रुवारी

बँकेतल्या मित्राने आज ख मधला पेग नेहमीसारखा सरळ घेतला आणि म्हणाला, ‘बघ, खुलली की बे! पहिल्या दिवशी कसली झोंबत होती.’ लगेच मास्टरची बाटली काढून तीन ग्लास समोर मांडले. ओळखता आलं नाही. पुन्हा मांडले, पुन्हा नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याला खरंच मऊ लागली होती. पण मास्टरही त्याला तितकीच मऊ लागली. बदलला तो माणूस. पहिल्या घोटाला अल्कोहोल जिभेला झोंबतं, मग जीभ सरावते, आणि ओळखीच्या वासात नाक एकेक गोष्ट वेगळी करायला शिकतं.

एवढ्यावर सोडायचं मन होईना. ‘खुलते’ हा शब्द इतके लोक वापरतात त्याअर्थी कुठेतरी काहीतरी घडत असणार. म्हणून ख मधूनच दोन ग्लास भरले, पण एक वीस मिनिटं आधी. या वेळी सगळ्यांनी ओळखलं, न चुकता. आधी भरलेल्यात नाकाला बसणारा तीक्ष्ण चटका कमी, बेदाणे पुढे. ही म्हणाली, ‘याच्यातलं केळं अर्धं गेलं.’

याचा अर्थ खुलणं आहे, पण ते ग्लासात घडतं, बाटलीत नाही. ग्लासात थोडीच व्हिस्की मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली असते आणि वरची हवा सारखी बदलत असते. बाटलीत हवा कोंडलेली. उडायचं तेवढं उडून ती हवा भरली की पुढचं उडणं थांबतं. पंधरा दिवस वाट बघण्यापेक्षा वीस मिनिटं बघावी.

१ मार्च

ऑक्सिजनचा हिशेब. ख मध्ये आता साधारण ३०० मिली व्हिस्की, वर ४०० मिली हवा. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, वजनाने जेमतेम शंभरेक मिलिग्रॅम. तो सगळाच्या सगळा अल्कोहोलवर खर्च झाला असं धरलं तरी सुमारे ०.३ ग्रॅम अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होईल. बाटलीत अल्कोहोल आहे ९५ ग्रॅमच्या घरात. म्हणजे ‘उघडी राहिली की नशा कमी होते’ हे बंद बुचाच्या बाटलीपुरतं तरी सोडून द्या. वासाचं मात्र तसं नाही. वासाचे पदार्थ लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापात असतात, तिथे शंभर मिलिग्रॅम ऑक्सिजन ही मोठी रक्कम आहे.

बाटली जितकी रिकामी तितकी ही रक्कम वाढते आणि तिच्यापुढे उरलेली व्हिस्की कमी होत जाते. शेवटच्या दोन पेगांवर पूर्ण बाटलीभर हवा.

२२ मार्च

दुपारचा रस्ता ओस पडायला लागला. पत्र्याच्या खोलीत चार वाजता ४१. कपाटात ३०.

१२ एप्रिल

पत्र्याखाली ४६, कपाटात ३४. प्रकल्पाचा खरा भाग आता सुरू झाला असं वाटतं.

शुद्ध अल्कोहोलचा बाष्पदाब २० अंशांना ४४ मिमी पारा, ४० अंशांना १३४ च्या आसपास. सरळ तिप्पट. व्हिस्कीत पाणी असल्याने दाब त्याहून कमी, पण चढण तशीच. त्यात आमच्याकडे दिवसा तापतं आणि पहाटे उतरतं. दुपारी बाटलीतली हवा फुगून झाकणाच्या फटीतून बाहेर पडते, रात्री आकसून ताजी हवा आत ओढते. कॉर्क, आटे, टेप, कशालाही हे रोजचं दाबणं-ओढणं सुखाचं नाही. आयर्लंडमध्ये बसून लिहिलेले ‘बाटली उघडल्यावर वर्षभर चालते’ छापाचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे का लावू नयेत, ते इथे दिसतं.

लॅबच्या काट्यावर वजनं घेतली. क जिथल्या तिथे. ग१ मध्ये घट अगदी किरकोळ. ग२ मध्ये सरळ दिसणारी.

२० एप्रिल

आज ग. आधी तिन्ही नमुने दिवसभर खालच्या खोलीत एकत्र ठेवून एका तापमानाला आणले. गरम व्हिस्की नाकात जास्त झोंबते. ते तापमानाचं काम, बदललेल्या मालाचं नाही.

क विरुद्ध ग२ : बारापैकी अकरा. चुकलेली एक चिठ्ठी माझी. क विरुद्ध ग१ : बारापैकी सात. उंबरठ्याच्या एक पायरी खाली, म्हणून ‘फरक सिद्ध नाही’ असंच लिहितो. मनात काय आहे ते इथे लिहायचं नाही.

ग२ चं वर्णन हिच्या शब्दांत : केळं नाही. शेंगांचं सालही नाही. बेदाणे आहेत, पण जुन्या डब्यातले. वर लाकूड, आणि कच्च्या सफरचंदाचा एक आंबूस धागा जो आधी नव्हता. हा शेवटचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडशी जुळतो. व्हॅनिला जिथल्या तिथे. २४ जानेवारीचा अंदाज इथवर टिकला.

मास्तरांनी बराच वेळ ग्लास फिरवला. ‘शेड तीच आहे,’ म्हणाले, ‘चमक गेलीय. ब्लीच नीट न झालेल्या सुतावर रंग चढवला की होतं तसं.’ प्रकल्पात आतापर्यंत आलेलं सगळ्यात नेमकं वाक्य. रंग बरोबर असतो, पण खालचा पांढरेपणा नसल्याने वर काही उजळत नाही.

उष्णता एकटी काही करते हे सिद्ध नाही, हवा एकटी कपाटात फारसं करत नाही, दोघी एकत्र आल्या की काम तमाम.

४ मे

घ, खिडकीतली. हिच्यासाठी नाकाची गरजच पडली नाही. कामावरून नेस्लर ट्यूब आणल्या, म्हणजे सपाट तळाच्या, एकाच मापाच्या काचनळ्या. सारख्या उंचीपर्यंत क आणि घ भरले आणि पांढऱ्या टाइलवर ठेवून वरून पाहिलं. दिवसाच्या उजेडाचा दिवा. क तांबूस सोनेरी, घ स्पष्ट फिकी, तांबूसपणा कमी होऊन नुसतं पिवळं उरलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बल्क फेल, म्हणजे सगळा माल नापास. व्हिस्कीचा रंग बराचसा लाकडातून येतो, आणि रंग कुठलाही असो, ऊन त्याला खातं. आम्ही टॉवेलची ‘लाइट फास्टनेस’, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, तपासतो ते याचसाठी.

वास ओल्या पुठ्ठ्याचा. मेहुण्यांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला, एरवी ते ग्लास रिकामाच ठेवतात. शोकेसमध्ये उन्हाच्या समोर बाटल्या मांडून ठेवणाऱ्यांना ही ट्यूब नेऊन दाखवायला हवी.

२५ मे

ख चा शेवट जवळ आला. बाटलीत आता तळाशी पाऊणशे मिली. कपाटातच राहिली, पण कपाटानेही एप्रिल-मे पाहिलेत.

क विरुद्ध ख : बारापैकी नऊ. फरक आहे. पण किती? ग२ ला लोकांनी पहिल्या हुंगण्यात ओळखलं होतं, इथे चिठ्ठी भरायला वेळ लागला. केळं कमी, बाकी जवळजवळ तसंच.

मग एक वेगळा प्रश्न विचारला : यातली कुठली प्यायला आवडेल? मास्तर आणि बँकेतला मित्र ख च्या बाजूने, मेहुणे आणि मी क च्या. मास्तरांचं म्हणणं, केळं त्यांना पहिल्यापासून नको होतं, ते गेलं तेच बरं. बदल म्हणजे बिघाड असं आपण गृहीत धरतो, पण ज्याला जे नको असतं ते उडून गेलं तर त्याच्यासाठी माल सुधारलाच. कट्ट्यावरचे दोन्ही तट बहुधा असेच तयार झाले असावेत : एकाच्या आवडीचं काहीतरी गेलं, दुसऱ्याच्या नावडीचं.

८ जून

पाऊस झाला, खोली निवली. सीलबंद दुसरी बाटली आज उघडली.

ही चाचणी मालाची नव्हे, मास्टरची. क च्या छोट्या बाटल्या एवढे महिने खरंच जशाच्या तशा राहिल्या नसतील, तर वरचे सगळे निकाल डळमळीत होतात. नव्या बाटलीतला पहिला पेग विरुद्ध क : बारापैकी पाच. फरक दिसत नाही. ही दोन्ही ग्लास हुंगून म्हणाली, ‘दोन्हीत केळं आहे, आता मला शेंगा निवडू द्या.’

पुढची व्यवस्था. नवी बाटली निम्म्यावर आली की उरलेली लगेच तपकिरी छोट्या बाटल्यांत काठोकाठ, टेपसकट, आणि खालच्या कपाटात. कुठलीही बाटली फेब्रुवारीत उघडलेली असेल तर मार्चअखेर एवढं करायचंच. नोव्हेंबरात उघडली असेल तर घाई नाही. मास्तरांसाठी मात्र एक बाटली मुद्दाम अर्धी रिकामी ठेवायची, त्यांनी तसं सांगून ठेवलंय. ग२ आणि घ मिळून उरलेलं चाळीसेक मिली कुणी घेईना. ते नेस्लर ट्यूबा धुवायला वापरलं.